वर्गणीदारांच्या बाजूने

परदेशात स्थायिक झालेल्या समाजांच्या वारसा-मंडळांविषयी शिकल्यासवरल्या वर्तुळांत एक मत आता जवळजवळ पक्के झाले आहे. पहिल्या पिढीला मंडळाची खरी गरज असते, कारण तिला भाषा येत नाही, काम मिळत नाही, आजारपणात विचारायला कोणी नसते. दुसरी पिढी आईवडिलांच्या धाकाने तिथे जाते. तिसऱ्या पिढीपर्यंत मंडळातला जीव निघून गेलेला असतो. उरतात वर्षातून एकदा घालायचे पारंपरिक पोशाख, चार नाच, गोडाचे पदार्थ आणि कधी न पाहिलेल्या गावासाठी टाकलेले सुस्कारे. या मताला आणखी दोन आक्षेप जोडले जातात. एक, ही मंडळे माणसाला नव्या देशात मिसळू देत नाहीत. दुसरा, ती मायदेशातल्या भांडणांत दुरून तेल ओततात.

मी या मताच्या विरुद्ध बाजूचा आहे, आणि माझी बाजू मांडण्यासाठी ग्रीकांचे उदाहरण घेतो आहे. त्याला कारण आहे. ‘डायस्पोरा’ हा शब्दच त्यांचा. त्याचा मूळ अर्थ विखरून पेरणे, आपल्याकडचा शेतकरी ज्याला फोकून पेरणी म्हणतो तसा. ओडेसापासून मेलबर्नपर्यंत आणि अलेक्झांड्रियापासून कोलकात्यापर्यंत ग्रीक माणूस जिथे गेला, तिथे त्याने ‘सिल्लोगोस’ म्हणजे मंडळ किंवा ‘आदेल्फोतिता’ म्हणजे बंधुमंडळ काढले. कधी अख्ख्या समाजाचे, कधी एका बेटाचे, कधी एकाच गावाचे. वर उल्लेखलेले तिन्ही आक्षेपही या मंडळांवर मनसोक्त घेतले गेले आहेत. तेव्हा खुंटी हलवून पाहायची तर इथेच पाहावी.

पूर्वपक्षाचे सर्वांत वजनदार शस्त्र समाजशास्त्रातून आलेले आहे. हर्बर्ट गॅन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये ‘प्रतीकात्मक वांशिकता’ ही कल्पना मांडली. युरोपातून आलेल्या स्थलांतरितांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीत वांशिकता ही फुरसतीची गोष्ट होते, तिच्यासाठी काही सोसावे लागत नाही, सणाला एखादा पदार्थ केला आणि गळ्यात एखादे चिन्ह घातले की ती पुरी होते, असे त्याचे म्हणणे. निरीक्षण अचूक आहे. मेरी वॉटर्सने १९९० मध्ये अमेरिकेच्या उपनगरांतल्या लोकांशी बोलून काढलेला निष्कर्षही याच दिशेचा होता. या दोघांचे नाव घेऊन वारसा-मंडळांना निकालात काढणे आता इतके रूढ झाले आहे, की मूळ निबंधात काय आहे हे पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

ती तसदी घेतली, तर शस्त्र उलटे फिरते. गॅन्स मंडळांत जाणाऱ्यांचे वर्णन करत नाही. जे मंडळांत जात नाहीत, ज्यांना आपल्या समाजाच्या संस्थांत आणि संस्कृतीच्या तपशिलांत रस उरलेला नाही, पण ‘आपण अमुक आहोत’ ही भावना मात्र हवी आहे, अशांचे ते वर्णन आहे. संस्थेवाचून टिकणारी भावना हाच त्याच्या प्रतिपादनाचा गाभा. म्हणजे जो ग्रीक-अमेरिकन फक्त ईस्टरला लाल अंडी रंगवतो आणि एरवी कुठल्याच सभेला, शाळेला, स्मशानभूमीच्या समितीला जात नाही, तो गॅन्सचा नायक. जो दर महिन्याला सभागृहाच्या छपराच्या दुरुस्तीवर वाद घालतो, वर्गणी भरतो, इतिवृत्त लिहितो, खजिनदाराच्या ताळेबंदातली चूक दाखवून देतो, त्याची वांशिकता प्रतीकात्मक नाही. तिला किंमत मोजावी लागते आणि ती तो मोजतो. विद्वानाच्या नावाने विरुद्ध निकाल दिला गेला आहे, आणि तो इतकी वर्षे तसाच चालू आहे, हे मला फार खटकते.

आता मिसळण्याचा प्रश्न. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ग्रीसमधून आणि उस्मानी मुलखातून काही लाख ग्रीक अमेरिकेत उतरले. बहुतेक एकटे पुरुष. रेल्वेमार्गावर, खाणीत, कत्तलखान्यात, बूटपॉलिशच्या दुकानात राबणारे. या लोकांकडे मिसळायला निघालेले म्हणून कोणी पाहिले नाही. २१ फेब्रुवारी १९०९ रोजी नेब्रास्कातल्या दक्षिण ओमाहा येथे एका ग्रीकाच्या हातून पोलीस मारला गेल्याचे निमित्त होऊन जमावाने अख्खी ग्रीक वस्ती उद्ध्वस्त केली. घरेदुकाने जाळली आणि माणसे शहराबाहेर हाकलली. १९१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावी ग्रीकांची दुकाने फोडली गेली. ऑगस्ट १९१८ मध्ये टोरंटोत दंगलखोरांनी ग्रीकांच्या उपाहारगृहांची मोडतोड केली. पुढे १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने ग्रीकांचा वार्षिक कोटा १०० वर आणला. त्याआधी एकेका वर्षी तीस हजारांवर माणसे आलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे दार किती जोराने आपटले गेले ते कळते.

या वातावरणात २६ जुलै १९२२ रोजी अटलांटा शहरात आठ ग्रीक व्यावसायिकांनी एक संस्था काढली. अमेरिकन हेलेनिक एज्युकेशनल प्रोग्रेसिव्ह असोसिएशन हे तिचे नाव, आद्याक्षरांनी ‘अहेपा’. दक्षिणेत तेव्हा कू क्लक्स क्लान जोरात होता, ग्रीकांच्या मिठाईच्या दुकानांवर आणि खानावळींवर बहिष्कार घातले जात होते. या आठ जणांनी काय ठरवले? संस्थेची भाषा इंग्रजी ठेवायची. चर्चच्या अधिकाराबाहेर राहायचे. सभासदांना नागरिकत्व घ्यायला लावायचे, त्यासाठी शिकवायचे. अमेरिकेच्या घटनेशी निष्ठा हे संस्थेच्या उद्दिष्टांत पहिल्या रांगेत ठेवायचे. ग्रीक असण्याचा अभिमान तितक्याच ठामपणे सांगायचा. पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट आणि हॅरी ट्रूमन हेही या संस्थेचे सभासद झाले.

हा मिसळण्याला केलेला विरोध म्हणायचा का? उलट इतर ग्रीकांनाच तो शरणागतीसारखा वाटला. दुसऱ्याच वर्षी, १९२३ मध्ये, पिट्सबर्ग येथे ‘गापा’ ही प्रतिस्पर्धी संस्था निघाली. तिने ग्रीक भाषा आणि ऑर्थोडॉक्स चर्च यांचा ध्वज उचलला. दोन्ही संस्थांमध्ये वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले. गावोगावच्या कॉफीगृहांत माणसे या वादावरून एकमेकांशी अबोला धरत. मला या वादाचे महत्त्व फार वाटते. नव्या देशात कसे राहायचे, किती बदलायचे, कुठे थांबायचे, हे प्रश्न एकटा माणूस मनातल्या मनात सोडवू शकत नाही. त्याला ते इतरांसमोर मोठ्याने मांडावे लागतात, हरावे लागते, पुन्हा मांडावे लागतात. ती जागा मंडळाने दिली. ओमाहातून पळालेल्या माणसाला अशी जागा नव्हती. तो मिसळला नाही म्हणून नव्हे, तर एकटा आणि अनोळखी राहिला म्हणून सहज हाकलला गेला.

या यशाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अहेपाने दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या भिंतीला हात लावला नाही. ग्रीकांना गोऱ्यांच्या रांगेत जागा मिळवून देणे एवढेच तिचे तेव्हाचे धोरण. स्त्रियांना वेगळी संस्था काढावी लागली, ती १९२९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘डॉटर्स ऑफ पेनेलोपी’ या नावाने निघाली. १९६५ मध्ये सेल्मा येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या शेजारी उभे राहण्याचे धैर्य दाखवले ते ग्रीक ऑर्थोडॉक्स आर्चबिशप याकोवोस यांनी, आणि त्यांच्याच समाजातल्या अनेकांना ते रुचले नाही. पण हा दोष मंडळ असण्याचा नव्हे. त्या काळच्या अमेरिकेत जो जो समाज वर चढला, त्याने बहुधा याच शिडीने चढाई केली. आज अहेपाशी संलग्न संस्था अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी अमेरिकेत हजारो घरे चालवतात आणि तिथे राहण्यासाठी ग्रीक असावे लागत नाही.

मुख्य आक्षेप पोकळपणाचा आहे. त्याला उत्तर द्यायला १९४० चा हिवाळा डोळ्यांसमोर आणला पाहिजे. २८ ऑक्टोबर १९४० रोजी मुसोलिनीच्या फौजा अल्बानियातून ग्रीसमध्ये घुसल्या. काही आठवड्यांतच अमेरिकेत ‘ग्रीक वॉर रिलीफ असोसिएशन’ उभी राहिली. तिच्या अध्यक्षपदी स्पिरोस स्कूरास होते. पेलोपोनीसमधल्या एका खेड्यातून सेंट लुईसला आलेले आणि भावांसह चित्रपटगृहांच्या धंद्यातून वर गेलेले गृहस्थ. पुढे ते ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे अध्यक्ष झाले. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने ग्रीस व्यापला. व्यापणाऱ्यांनी धान्य लुटले, आणि ब्रिटनच्या नाकेबंदीमुळे बाहेरून काही येईना. त्या वर्षीच्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे चालता चालता कोसळून मरत होती. या परकी ताब्याच्या काळात दुष्काळाने सुमारे तीन लाख माणसे गेली असा अंदाज सामान्यतः मान्य आहे.

ऑक्टोबर १९४१ मध्ये इस्तंबूलहून ‘कुर्तुलुश’ नावाचे तुर्की मालवाहू जहाज धान्य घेऊन पिरेउसकडे निघाले. त्या अन्नाच्या खरेदीत अमेरिकेतल्या ग्रीकांच्या मदतनिधीचा पैसा होता. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या दोन राष्ट्रांनी एकमेकांची गावे जाळली होती आणि १९२३ च्या कराराने लाखो माणसांची अदलाबदल केली होती, त्यांपैकी एकाच्या बंदरातून दुसऱ्याच्या उपाशी मुलांसाठी अन्न निघाले. हे जहाज जानेवारी १९४२ मध्ये पाचव्या फेरीत मार्मारा समुद्रात खडकावर आदळून बुडाले. दुसऱ्या जहाजाने काम पुढे चालू ठेवले. नंतर नाकेबंदी सैल करण्यात आली आणि रेडक्रॉसच्या देखरेखीखाली स्वीडनच्या जहाजांतून कॅनडाचा गहू नियमित जाऊ लागला. या सगळ्यासाठी लंडन-वॉशिंग्टनवर दबाव आणण्यात आणि खर्चाचा भार उचलण्यात अमेरिकेतल्या ग्रीकांचा हात मोठा होता.

आता विचार करावा की हा निधी इतक्या लवकर कसा उभा राहिला. तहान लागल्यावर विहीर खणून हे होत नाही. अहेपाच्या शाखा होत्या, गापाच्या होत्या, चर्चच्या परिषदा होत्या, एकेका बेटाची आणि एकेका गावाची बंधुमंडळे होती. प्रत्येकाकडे पत्त्यांची वही, लोकांचा विश्वास असलेला खजिनदार आणि शनिवारी संध्याकाळी उघडता येईल असे सभागृह होते. एरवी ज्या सभागृहात नाच बसवले जात, तिथेच कपड्यांचे गठ्ठे बांधले गेले. नाचाचा सराव ज्यांना पोकळ वाटतो त्यांनी हे पाहावे, की वीस वर्षे नाचासाठी एकत्र येणाऱ्या लोकांना गठ्ठे बांधायला बोलावण्यासाठी कुणाची ओळख करून द्यावी लागली नाही. मंडळाची उपयुक्तता त्याच्या साध्या वर्षांवरून मोजणे म्हणजे अग्निशमन बंबाची किंमत आग नसलेल्या दिवशी ठरवणे. मग साध्या वर्षांत करायचे काय? जे आनंदाने करता येते ते. नाच, जेवण, नाटक. माणसे आनंदासाठी एकत्र राहिली तरच संकटाला एकत्र सापडतात.

खेड्यांच्या मंडळांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण त्यांना सर्वांत संकुचित म्हटले जाते. इकारिया हे एजियन समुद्रातले गरीब, डोंगराळ बेट. तिथल्या कामगारांनी १९०३ मध्ये पिट्सबर्गला बंधुमंडळ काढले, तेव्हा बेट उस्मानी सत्तेखाली होते. ते मुक्त झाले १९१२ मध्ये. म्हणजे मंडळ बेटाच्या स्वातंत्र्यापेक्षाही वयाने मोठे. पोलादाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांच्या पदरमोडीतून पुढे बेटावरच्या रुग्णालयापर्यंत मदत गेली. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला खेटून असलेल्या कास्तेलोरिझो या इवल्याशा बेटाची कथा अधिक विलक्षण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे हजारोंची भरभराटीची वस्ती होती. युद्धे, व्यापाराचा ऱ्हास, दुसऱ्या महायुद्धातले बाँबहल्ले आणि आगी यांनी बेट रिकामे केले. आज तिथे काहीशे माणसे राहतात. या बेटाच्या लोकांचे मंडळ पर्थला १९१२ पासून आहे. बेटाची नातवंडे-पतवंडे आज बेटापेक्षा ऑस्ट्रेलियात किती तरी अधिक आहेत. अशा ठिकाणी मंडळ गावाची आठवण जपते असे म्हणणे अपुरे आहे. कोण कोणाचा कोण, कोणाचे घर कोणत्या गल्लीत होते, कोणत्या आजीची सोयरीक कुठे झाली, हे जिथे अजून माहीत आहे, ते गावच आहे. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

मग भाषेचे काय, असे विचारले जाईल. तिसऱ्या पिढीला ग्रीक येत नाही, मग वारसा कसला? भाषा जाण्याचे दुःख मला कमी करून सांगायचे नाही. ज्या भाषेत माणूस विचार करतो तिच्यासाठी जीव तुटणे साहजिक आहे. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत सव्वाचार लाखांच्या आसपास लोकांनी आपले मूळ ग्रीक सांगितले, आणि घरी ग्रीक बोलणारे होते सुमारे २ लाख ३० हजार. दहा वर्षांपूर्वी तेच अडीच लाखांच्या वर होते. घट स्पष्ट आहे. पण मोठे स्थलांतर पन्नास आणि साठच्या दशकांत झाले, सत्तरच्या दशकानंतर जवळजवळ थांबले, हे ध्यानात घेतले तर निम्म्याहून जास्त लोकांच्या घरात अजून ती भाषा असणे ही आपोआप घडलेली गोष्ट नाही. शनिवारच्या शाळा कोणी तरी चालवल्या. १९५७ पासून मेलबर्नहून निघणारे ‘नेओस कोस्मोस’ हे वृत्तपत्र कोणी तरी विकत घेतले. १९७५ मध्ये सरकारी बहुभाषी रेडिओ सुरू झाला, तेव्हा ग्रीकमधून बोलायला कोणी तरी पुढे आले. आणि अहेपाने पहिल्या दिवसापासून इंग्रजीत कारभार करून शंभरी ओलांडली, हेही विसरू नये. भाषा आणि मंडळ एकमेकांना बळ देतात, पण एक क्षीण झाले म्हणून दुसरे मेलेच पाहिजे असा नियम नाही.

भाषेच्या संदर्भात एक गोष्ट या वादात कधीच आणली जात नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. माणूस म्हातारा होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या द्विभाषिकांत पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची उरते. मोटारीच्या कारखान्यात किंवा शिवणकामाच्या यंत्रावर चाळीस वर्षे काढलेली बाई ऐंशीव्या वर्षी इंग्रजी विसरते. दुखते कुठे, भूक लागली का, भीती कशाची वाटते, हे ती फक्त आपल्या गावच्या ग्रीकमध्ये सांगू शकते. मुले प्रेमळ आहेत, पण दिवसभर कामावर आहेत. सरकारी वृद्धाश्रमात सगळी सोय आहे, फक्त तिचे बोलणे समजणारे कोणी नाही.

मेलबर्नच्या ग्रीकांनी हे वेळेवर ओळखले. १९७२ मध्ये त्यांनी कल्याणसंस्था काढली, तिचे आजचे नाव ‘प्रोनिया’. १९७७ मध्ये वृद्धांच्या सेवेसाठी ‘फ्रोंदिदा’ उभी राहिली. या शब्दाचा अर्थच काळजी. तेव्हा स्थलांतरितांची पिढी ऐन उमेदीत होती, म्हातारपण वीस-तीस वर्षे दूर होते. आज तिच्या वृद्धाश्रमांत परिचारिका ग्रीकमधून ‘याया’ म्हणजे आजी अशी हाक मारते, ईस्टरला मध्यरात्रीच्या मेणबत्त्या लागतात, जेवणात डाळीचे सूप असते. हे सगळे सरकारने सुचवले नव्हते. पुढे त्याने अनुदान दिले, तेही मागायला संघटित समाज दारात उभा होता म्हणून. ज्यांनी त्या काळी ‘आम्हाला मंडळाची गरज नाही’ म्हणून वर्गणी टाळली, त्यांच्याही आया आज तिथे आहेत, आणि त्यांना कोणी पावती विचारत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, दुरून तेल ओतण्याचा. यात तथ्य आहे. बेनेडिक्ट अँडरसनने परदेशातून चालवलेल्या राष्ट्रवादाविषयी दिलेला इशारा खरा आहे : ज्याला परिणाम भोगावे लागत नाहीत तो अधिक कडवा होऊ शकतो. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसवर आक्रमण केले. त्यानंतर ग्रीक-अमेरिकन संघटनांनी काँग्रेसवर असा दबाव आणला, की फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेने आपल्याच मित्रराष्ट्राला शस्त्रे देणे थांबवले. ती बंदी १९७८ मध्ये उठली. तो दबाव मला न्याय्य वाटतो. पण त्याआधी १९६७ ते १९७४ अशी सात वर्षे अथेन्समध्ये लष्करशहांची राजवट होती, माणसांचा छळ होत होता, आणि अमेरिकेतल्या मोठ्या ग्रीक संघटनांनी तेव्हा हा आवाज लावला नाही. ही लाजेची गोष्ट आहे. पुढे नव्वदच्या दशकात मॅसेडोनियाच्या नावावरून मेलबर्नमध्ये निघालेल्या मोर्च्यांत शेजारी म्हणून राहणाऱ्या ग्रीक आणि मॅसेडोनियन समाजांत जी कटुता आली, तीही समर्थनीय नव्हती.

मात्र यावरून मंडळे सोडा असा निष्कर्ष निघत नाही. मंडळ म्हणजे एकच आवाज हे गृहीतकच चुकीचे आहे. मेलबर्नमध्ये १९३५ पासून ‘डेमोक्रितोस’ हा ग्रीक कामगारांचा डावा संघ होता. ऑस्ट्रेलियात तर चर्चची मालकी समाजाच्या निवडलेल्या समित्यांकडे असावी की आर्चबिशपकडे, या प्रश्नावर दशकानुदशके समाज दुभंगला. १८९७ मध्ये स्थापन झालेला मेलबर्नचा ग्रीक समुदाय या लढाईत निवडलेल्या कार्यकारिणीच्या बाजूने उभा राहिला. ज्या देशात त्यांना मतदानाचा हक्क मिळायला वेळ लागला, तिथे ते मतदान करायला आपल्या मंडळात शिकले. आता अशा मंडळातून समजूतदार, तरुण, प्रश्न विचारणारी माणसे ‘हे सगळे जुनाट आहे’ म्हणून बाहेर पडली, तर ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती राहतो? कडव्यांच्या. मंडळ कडवे आहे अशी तक्रार करत जो दूर राहतो, तो ते अधिक कडवे होण्यास मदत करतो. हे मी आपल्या लोकांना उद्देशूनही म्हणतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ न. चिं. केळकरांच्या प्रेरणेने १९३२ मध्ये निघाले, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. त्यांच्याविषयी ‘गणपती आणि नाटक, आणखी काय?’ असे बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांतले सर्वसाधारण सभेला किती येतात, हे प्रत्येक सचिवाला ठाऊक आहे.

ग्रीकांची एक कहाणी आपल्याच देशात घडली आहे, ती सांगून थांबतो. अठराव्या शतकात ग्रीक व्यापारी बंगालमध्ये आले. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात त्यांना कोलकात्यात चर्च बांधण्याची परवानगी मिळाली. चर्चपाठोपाठ मुलांच्या शिक्षणाची चिंता आली, आणि त्यांनी शिक्षक बोलावला. १७८६ मध्ये आलेला हा अथेन्सचा तरुण म्हणजे दिमित्रिओस गालानोस. काही वर्षे व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवून तो १७९३ मध्ये काशीला गेला, पंडितांपाशी संस्कृत शिकला, तिथेच राहिला आणि तिथेच १८३३ मध्ये मरण पावला. भगवद्गीतेसह अनेक संस्कृत ग्रंथांचे त्याने ग्रीकमध्ये भाषांतर केले. त्याची हस्तलिखिते अथेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. मुलांना ग्रीक यावे म्हणून एका छोट्या परदेशस्थ समाजाने पदरमोड करून आणलेला मास्तर ग्रीसचा पहिला मोठा संस्कृतज्ञ ठरला.

एकोणिसाव्या शतकात खिओस बेटावरच्या रॅली कुटुंबाची पेढी १८५१ मध्ये कोलकात्यात आणि १८६१ मध्ये मुंबईत आली. कापसाच्या व्यापारामुळे ‘रॅली ब्रदर्स’ हे नाव खानदेश-वऱ्हाडातही पोचले. आज ते नाव आपल्याकडे एका कंपनीच्या पाटीवर उरले आहे. कोलकात्यातला ग्रीक समाजही स्वातंत्र्यानंतर पांगला. कालीघाटजवळ विसाच्या दशकात बांधलेले त्याचे नवे चर्च काही काळ बंद पडले. नारकेलडांग्यातल्या दफनभूमीत जुन्या थडग्यांवरची ग्रीक अक्षरे राहिली. पण चर्चची इमारत, जमीन आणि दफनभूमी कोणा एकाच्या मालकीची नव्हती, समाजाची होती. म्हणून ती विकली गेली नाही. १९९१ मध्ये चर्च पुन्हा उघडले. तिथे ग्रीक आता जवळजवळ नाहीत. प्रार्थनेला बंगाली माणसे येतात, आणि प्रार्थना बंगालीत होते.